शेपटीचा पुरावा

डिसेंबर २०१८ मध्ये, दुर्ग जिल्ह्यातील चरोदा येथे, एका किराणा दुकानातील डीप फ्रीजरला माझ्या सांगण्यावरून सील लावण्यात आले. फ्रीजरमध्ये कोंबडीचे सॉसेज, मटणाच्या खिम्याची पंधरा-वीस पाकिटे, मटार आणि थोडे आइस्क्रीम होते. खिम्याच्या पाकिटांत कुत्र्याचे मांस आहे अशी बोलवा चार दिवस गावात फिरत होती आणि पाचव्या दिवशी दुकानासमोर शंभर-दीडशे लोक जमले होते. मी जे केले ते कायद्याला धरून होते. ते शहाणपणाचे होते का, हा प्रश्न मात्र निवृत्तीनंतरही मला सोडत नाही. त्या प्रश्नाच्या मागे लागून मांसाविषयीच्या अफवांचा आणि त्यांना सरकारने वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा जो थोडाफार इतिहास मी वाचला, तो येथे मांडत आहे.

चरोद्याचे नाव महाराष्ट्रातल्या वाचकांनी ऐकले असण्याचा संभव कमी. मात्र मुंबई-हावडा मार्गाने प्रवास केलेल्यांनी दुर्ग सोडल्यानंतर, रायपूर येण्याआधी, खिडकीतून रुळांचे एक अफाट जाळे पाहिले असेल. ते भिलाईचे मार्शलिंग यार्ड. भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला. फेब्रुवारी १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्यात येणारे खनिज, कोळसा आणि तेथून निघणारे पोलाद यांच्या वाघिणींची जुळवाजुळव या यार्डात होते. लोक या भागाला आजही 'बीएमवाय चरोदा' असेच म्हणतात. यार्डाबरोबर रेल्वेची वसाहत आली आणि वसाहतीबरोबर तेलुगू, बंगाली, ओडिया, बिहारी आणि आमच्यासारखी मराठी कुटुंबे. मराठी माणूस या मुलखात नवखा नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर १८५४ पर्यंत होता आणि १९५६ पर्यंत या प्रदेशाचा कारभार नागपूरहूनच चाले. असो. सांगायचे ते एवढेच की, चरोदा हे असे गाव आहे जिथे कोणते मांस खावे, कोणते खाऊ नये आणि ते कोणाच्या हातचे असावे, याविषयी प्रत्येक घराची आपली पक्की कल्पना आहे आणि शेजारच्या घराची कल्पना वेगळी आहे, हेही प्रत्येकाला ठाऊक आहे.

सोलून टांगलेल्या बोकडाची शेपूट खाटीक शेवटपर्यंत का ठेवतो, असे लहानपणी मी वडिलांना विचारले होते. "गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून," ते म्हणाले. कातडे गेल्यावर प्राणी ओळखण्याची गिऱ्हाइकाजवळ तीच एक सोपी खूण उरते. शेळीची शेपूट आखूड आणि वर उचललेली, मेंढीची खाली लोंबणारी. शेपूट पाहून झाली की मग माणूस पाठ हवी की मांडी, नळी किती, कलेजी किती, ते सांगतो. पुण्याकडे तर हा भेद श्रद्धेचा आहे. हवेली तालुक्यातील वाडे बोल्हाईच्या देवीला मानणाऱ्या अनेक घरांत बोकड वर्ज्य आहे, मेंढीच चालते. म्हणून त्या भागात 'बोल्हाईचे मटण' अशा स्वतंत्र पाट्या लागतात. कोणत्याही नियमावलीत नसलेले हे लेबल आहे आणि ते सरकारी लेबलापेक्षा अधिक कसोशीने पाळले जाते, असे माझे मत आहे.

पाकिटातल्या खिम्याला शेपूट नसते. तिथे गिऱ्हाइकाच्या डोळ्याचे काम दुसऱ्या कोणीतरी करावे लागते: पशुवैद्याच्या शिक्क्याने, पाकिटावरच्या छापील मजकुराने, नाहीतर प्रयोगशाळेच्या अहवालाने. गिऱ्हाइकाला स्वतः पाहता येत नाही आणि पाहणाऱ्याचा निरोप त्याच्यापर्यंत पोचलेला नाही, अशा अवस्थेत जी पोकळी राहते तिच्यात अफवा वाढते. हे मी चरोद्यात शिकलो, पण आपल्या देशाने ते फार मोठी किंमत देऊन पूर्वीच शिकायला हवे होते.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळ डमडम येथे एक वार्ता पसरली की, नव्या एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावलेली आहे. काडतूस दातांनी तोडावे लागे. शाळेत आपण येथपर्यंत शिकतो आणि लगेच मंगल पांडे व मेरठ यांच्याकडे वळतो. प्रशासनाच्या अभ्यासकाने मधल्या काळाकडे पाहावे. चौकशी झाली तेव्हा असे आढळले की, फोर्ट विल्यमच्या शस्त्रागाराला चरबी पुरवण्याच्या ठेक्यात ती कोणत्या प्राण्याची असावी वा नसावी, अशी अटच नव्हती. आक्षेपार्ह चरबी येऊ नये म्हणून काही विशेष खबरदारी घेतल्याचेही दिसून आले नाही. म्हणजे 'ही गाईची चरबी नव्हे' असे खात्रीने सांगू शकेल असा एकही माणूस त्या बलाढ्य सरकारात नव्हता! ठेक्याच्या कागदात एक ओळ राहून गेली होती.

यानंतर सरकारने घेतलेला निर्णय मूर्खपणाचा नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. जानेवारी संपण्याच्या आतच शिपायांना आपले वंगण बाजारातून स्वतः आणून स्वतः लावण्याची मुभा देण्यात आली. परंतु तोपर्यंत संशय वंगणावरून उठून काडतुसाच्या कागदावर जाऊन बसला होता. कागद चकाकतो, म्हणजे त्यातच चरबी असणार! २६ फेब्रुवारी रोजी बेऱ्हामपूरच्या १९ व्या पलटणीने नकार दिला तो तर जुन्याच पद्धतीच्या काडतुसांवरून. एका वस्तूचा खुलासा केला की अफवा शेजारच्या वस्तूवर सरकते. नोकरीत मी हे निदान पाच-सहा वेळा पाहिले आहे.

त्याच सुमारास कानपूरच्या बाजारातही असेच घडले. मेरठकडे कालव्यावरच्या गिरण्यांत दळलेले पीठ तेथे आले आणि बाजारभावाहून स्वस्त विकले जाऊ लागले. त्यात हाडांची पूड मिसळली आहे अशी बोलवा उठली आणि लोक त्या पिठाला हात लावीनात. किराण्याच्या मालात लपवलेल्या मांसाची ही आपल्याकडची सर्वांत गाजलेली अफवा म्हणता येईल. तिचे मूळ फारसे गूढ नाही. पीठ घरच्या जात्यावर वा ओळखीच्या चक्कीवर दळलेले नव्हते आणि ते स्वस्त होते. स्वस्त आहे म्हणजे त्यात काहीतरी आहे, हा तर्क आजही तितकाच जोरात चालतो. वरसईचे गोडसे भटजी त्याच वर्षी उत्तरेकडे निघाले होते. काडतुसांची हकीकत त्यांना वाटेत शिपायांच्या तोंडून कळली, हे 'माझा प्रवास' वाचलेल्यांना आठवत असेल. बातमी तारेने जाई, पण अफवा पायी चालणाऱ्या माणसांबरोबर गावागावांत मुक्काम करीत जाई.

पुढे इंग्रजी अमदानीने शहरांतल्या मांसाची व्यवस्था लावली ती अफवेच्या भीतीने नव्हे, रोगराईच्या भीतीने. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड १८६५ मध्ये नेमले गेले, त्यांच्या नावाचा बाजार १८६९ मध्ये उभा राहिला आणि १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात बाजार व कत्तलखान्यांसाठी सविस्तर तरतुदी आल्या. प्राणी कापण्याआधी तपासायचा, कापल्यावर पुन्हा तपासायचा आणि अंगावर शिक्का मारायचा, ही पद्धत मोठ्या शहरांत रुजली. १९७१ पासून देवनार येथे तीच चालते. लहान गावांपर्यंत कायदा पोचला, शिक्का मारणारा पशुवैद्य पोचला नाही. रविवारी रस्त्याकडेला टांगलेल्या बोकडावर शिक्का शोधून सापडणार नाही. तिथे अजून शेपटीवरच भागते.

अफवा नेहमी खोटी असते, असा एक समज आमच्या सेवेत आहे. तो धोक्याचा आहे, कारण १९८३ साली खरे घडले होते. वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळतात, अशी कुजबुज बाजारात होती. ही चरबी परदेशातून रीतसर आयात होत असे. ती साबण व तत्सम उद्योगांसाठी होती आणि त्यातली काही वनस्पती तुपाच्या डब्यांत गेली, हे त्या वर्षी उघडकीस आले. धरपकड झाली, संसदेत गदारोळ झाला आणि ऑगस्टमध्ये सरकारने आयातीवर बंदी घातली. या प्रकरणातील एक तपशील मला फार बोलका वाटतो. साजूक तुपात वनस्पती मिसळले तर ते ओळखता यावे, म्हणून वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती होती. तिळाचे तेल एका साध्या रासायनिक चाचणीत लाल रंग देते आणि भेसळ पकडली जाते. किती हुशारीची योजना! पण वनस्पतीतच कोणी चरबी मिसळली तर ती रंग देऊन सांगेल अशी खूण कोणी ठेवली नव्हती. जिकडून चोर येईल असे वाटले त्या दारालाच कुलूप होते.

परदेशातील वाचकांना २००१ सालचे प्रकरण अधिक जवळचे वाटेल. मॅक्डोनाल्ड्स या कंपनीने १९९० मध्ये आपण बटाट्याचे काप शुद्ध वनस्पती तेलात तळतो असे जाहीर केले होते. परंतु अमेरिकेत त्या कापांना गोमांसाचा अर्क लावला जात होता. मे २००१ मध्ये सिएटल येथे दावा दाखल झाला. तिथल्या आपल्या शाकाहारी मंडळींनी वर्षानुवर्षे विश्वासाने ते काप खाल्ले होते, आणि पुढच्या वर्षी कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. ही बातमी आली आणि ठाण्यातल्या शाखेवर जमाव चालून गेला. वस्तुतः भारतातल्या कापांत गोमांसाचा अर्क वापरलाच जात नव्हता. एकच विधान सिएटलमध्ये सत्य आणि ठाण्यात अफवा!

योगायोगाने त्याच वर्षी पाकिटावरच्या ठिपक्याचा नियम आला. ऑक्टोबर २००१ पासून मांसाहारी पदार्थांवर तपकिरी ठिपका सक्तीचा झाला आणि शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्याची अधिसूचना डिसेंबरमध्ये निघाली. (रंगांधळ्या माणसाला हे दोन ठिपके सारखेच दिसतात, हे ध्यानात यायला आम्हाला जवळजवळ दोन दशके लागली. २०२० च्या नियमांत तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण झाला.) नियम चांगला आहे. पण तो शाकाहारी माणसाच्या प्रश्नाचे उत्तर देतो. 'यात मांस आहे का' हा प्रश्न मांस खाणाऱ्याला पडत नाही. त्याचा प्रश्न 'कोणाचे' हा असतो. त्याचे उत्तर पाकिटाच्या मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत असते. चरोद्याच्या त्या खिम्यावर तपकिरी ठिपका होताच. जमावाला त्याने काय समजणार होते?

आता नवापूर. नंदुरबार जिल्ह्यातील हे गाव गुजरातच्या सीमेला लागून आहे आणि कोंबडीपालनासाठी प्रसिद्ध आहे. २००६ च्या सुरुवातीला तेथे कोंबड्या मरू लागल्या. आधी ती नेहमीची राणीखेत म्हणजे मानमोडी समजली गेली. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू असल्याचे जाहीर झाले. भारतातला हा पहिलाच उद्रेक. पशुसंवर्धन खात्याची पथके पांढरे पोशाख घालून उतरली, लाखो पक्षी मारून पुरण्यात आले, आणि पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातही तेच करावे लागले. माणसाला बाधा झाल्याचे एकही प्रकरण सिद्ध झाले नाही. खात्याच्या कामगिरीला मी उत्तम म्हणेन.

पण बाजारात काय झाले? नवापूरपासून शेकडो कोस दूर, जिथे एकही पक्षी आजारी नव्हता, तिथेही कोंबडी कोणी विकत घेईना. ७० अंश सेल्सिअसपर्यंत शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही, हे सरकार कंठशोष करून सांगत होते आणि त्याच वेळी रेल्वेने आपल्या गाड्यांतल्या जेवणातून कोंबडी काढून टाकली. एक हात 'खा' म्हणतो आणि दुसरा हात ताट उचलतो. लोकांनी शब्दावर नव्हे, कृतीवर विश्वास ठेवला, आणि त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. २०२० च्या आरंभी कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी अफवा पसरली तेव्हा तर मूळ सत्याचा अंशही नव्हता. २८ फेब्रुवारी २०२० रोजी तेलंगणाच्या मंत्र्यांनी हैदराबादेत व्यासपीठावर बसून कोंबडी खाल्ली. छायाचित्रे छान आली. मार्चमध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाक तालुक्यात एका शेतकऱ्याने हजारो जिवंत पक्षी खड्ड्यात लोटले, कारण खाद्याचा खर्चही सुटत नव्हता. मंत्र्याने खाल्ले तर गिऱ्हाइकाला एवढेच कळते की मंत्र्याला सुरक्षित कोंबडी मिळाली.

आमच्याकडेही जानेवारी २०२१ मध्ये, पूर्वी दुर्ग जिल्ह्याचाच भाग असलेल्या बालोद जिल्ह्यात, कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला. त्याच हंगामात नवापूरलाही तो परत आला. आणि डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथे तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले. संशय त्यांना मिळालेल्या कच्च्या मांसावर होता. म्हणून 'कोंबडीने काही होत नाही' हे वाक्य सरसकट उच्चारणाऱ्या अधिकाऱ्याने जरा जपून बोलावे. 'शिजवलेल्या कोंबडीने होत नाही' हे पूर्ण वाक्य आहे, आणि पूर्ण वाक्य बोलायला दोन सेकंद अधिक लागतात.

या सगळ्यात मला आदर्श वाटणारे उदाहरण आयर्लंडचे आहे. तेथील अन्न सुरक्षा प्राधिकरणाने कोणी तक्रार केली नसताना, दुकानांतल्या मांसाची आपणहून तपासणी केली. १५ जानेवारी २०१३ रोजी निष्कर्ष जाहीर झाले. गोमांसाच्या २७ बर्गरांपैकी १० मध्ये घोड्याचा डीएनए सापडला, २३ मध्ये डुकराचा. टेस्को या मोठ्या साखळीच्या एका बर्गरमध्ये तर २९ टक्के मांस घोड्याचे निघाले. सारा युरोप हादरला, पण अफवेने नव्हे. जे सांगायचे होते ते आकड्यांसह सरकारनेच प्रथम सांगितले, त्यामुळे कुजबुजीला जागा उरली नाही.

आपल्याकडे क्रम उलटा असतो. १७ नोव्हेंबर २०१८ रोजी चेन्नईच्या एग्मोर स्थानकावर जोधपूरहून रेल्वेने आलेले सुमारे २ टन मांस पकडण्यात आले. संशयाचे कारण काय, तर शेपट्या लांब होत्या! दक्षिणेत आखूड शेपटीची शेळी पाहण्याची सवय, त्यामुळे ही कुत्रीच असणार असे ठरले. दूरदर्शनच्या वाहिन्यांनी तसेच दाखवले, शहरातली बिर्याणीची दुकाने ओस पडली. काही दिवसांनी मद्रास पशुवैद्यक महाविद्यालयाचा अहवाल आला: मांस शेळीचे. जी शेपूट गिऱ्हाइकाच्या विश्वासासाठी ठेवलेली होती, तीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. सहा वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, बंगळुरूच्या स्थानकावर राजस्थानहून आलेल्या पेट्यांबाबत हाच प्रयोग जसाच्या तसा झाला. या वेळी अधिकृत खुलाशात लांब शेपटीच्या सिरोही शेळीचे नाव घेण्यात आले आणि हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेचा अहवाल आला तो मेंढीचा. कुत्रा नव्हता हे खरेच, पण बोल्हाईच्या भक्ताला विचारा, शेळी आणि मेंढी यांत फरक आहे की नाही!

चेन्नईचे चित्रीकरण चरोद्याच्या मोबाइलांवर आठवडाभरात पोचले. आमचे गाव रेल्वेचे. दिवसरात्र कुठून कुठून वाघिणी येतात. रेल्वेने मांस येते हे ऐकल्यावर लोकांनी यार्डाकडे पाहिले आणि यार्डाकडून गावातल्या एकमेव फ्रीजरकडे. दुकानदाराचे वडील विदर्भातून येऊन यार्डातच नोकरी करून निवृत्त झालेले. मुलाने कर्ज काढून फ्रीजर घेतला होता, कारण भिलाईच्या मॉलमध्ये जे मिळते ते चरोद्यात का मिळू नये, असे त्याला वाटे. मी पोचलो तेव्हा तो शांत होता. "साहेब, पाकिटावर नंबर आहे, बिल आहे, माल देणारा माणूस फोनवर आहे. अजून काय पायजे तुमाले?"

मला जमाव पांगवायचा होता. छत्तीसगडात २००४ च्या कृषी पशू परिरक्षण कायद्याने गाईम्हशींची कत्तलच नव्हे, गोमांस बाळगणेही गुन्हा आहे. आज कुत्रा म्हणणारे लोक उद्या दुसरे नाव घेतील आणि मग प्रकरण माझ्या हाताबाहेर जाईल, ही भीती होती. म्हणून अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने नमुने घेतल्यावर उरलेला माल फ्रीजरसकट सील करायला मी सांगितले. जमाव पांगला. मी समाधानाने परतलो.

त्याचा अर्थ गावाने काय घेतला, ते मला दुसऱ्या दिवशी कळले. "सील लागले म्हणजे काहीतरी सापडले!" आदल्या दिवशीपर्यंत जी बोलवा होती तिला आता सरकारी लाखेचा ठसा मिळाला होता. दुकानदार कचेरीत आला आणि म्हणाला, "तपास तर झालाच पायजे साहेब. पण तुमी सील लावलं नं, आता रिपोर्ट काही बी येवो, लोकाईले सील दिसलं." माझ्याजवळ उत्तर नव्हते.

कायद्याप्रमाणे अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावा. परंतु मांस कोणत्या प्राण्याचे हे सांगणारी तपासणी सर्वत्र होत नाही. नमुना राज्याबाहेर गेला आणि अहवाल २३ व्या दिवशी हाती आला. पाकिटावर लिहिले होते तेच: शेळी. सील पंचांसमक्ष काढले तेव्हा समोर तीन माणसे होती, त्यांतला एक पंच. शिवाय सील लावताना फ्रीजर चालू स्थितीत ठेवावा हे पंचनाम्यात लिहायचे राहून गेले होते. कोणीतरी बटण बंद केले होते. आत जे झाले होते त्याचे वर्णन करीत नाही. आठ-नऊ हजारांचा माल गेला. भरपाईची तरतूद मी शोधली, लागू पडेल अशी सापडली नाही. १८५७ च्या ठेक्यात एक ओळ राहून गेली म्हणून हसण्याचा अधिकार मला नाही.

आज वाटते की, दोन पाकिटे नमुन्याला घेऊन बाकीचा फ्रीजर उघडाच ठेवायला हवा होता. पाकिटावर परवान्याचा १४ अंकी क्रमांक होता. तो त्याच जमावासमोर मोठ्याने वाचून, माल कोठून आला, कोणत्या तारखेला आला हे बिलावरून सांगून, अहवाल कोणत्या दिवशी येईल व कोठे लावला जाईल हे फळ्यावर लिहून ठेवता आले असते. तो क्रमांक मी स्वतः वाचलाच नव्हता.

त्या निमित्ताने गावात इतर ज्या समजुती ऐकल्या त्यांतली एक तुम्हीही ऐकली असेल, मग तुम्ही नागपुरात असा की न्यू जर्सीत: ब्रॉयलर कोंबडीला इंजेक्शन देऊन फुगवतात. अमेरिकेत कोंबडीला संप्रेरके देण्यास बंदी आहे. पाकिटावर 'संप्रेरके नाहीत' असे लिहिले तर 'कायद्याने तशी बंदीच आहे' हेही लिहावे लागते. मग कोंबडी इतकी मोठी कशी? कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ च्या जातींचे पक्षी एकच खाद्य देऊन वाढवले. ५६ व्या दिवशी त्यांची वजने अनुक्रमे ९०५ ग्रॅम, १ किलो ८०८ ग्रॅम आणि ४ किलो २०२ ग्रॅम भरली. ही सारी निवडक पैदाशीची करामत. तसेच पाकिटाच्या तळाशी साचणारे तांबडे पाणी रक्त नसते, ते स्नायूतले मायोग्लोबिन मिसळलेले पाणी असते. उलट मांस ताजेच दिसावे म्हणून पाकिटात अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड भरण्याची पद्धत अमेरिकेत चालते आणि युरोपीय संघात चालत नाही, हे मात्र खरे आहे. त्यामुळे तिथे रंगावर न जाता तारखेवर जावे.

ज्याची चर्चा चरोद्यात मी एकदाही ऐकली नाही, ते कोलिस्टिन. इतर सगळी प्रतिजैविके थकली की रुग्णाला द्यायचे हे शेवटचे औषध आपल्या देशात कोंबड्यांच्या खाद्यात वजन वाढवण्यासाठी मिसळले जात होते. २०१५ मध्ये चीनमध्ये या औषधाला दाद न देणारा, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारा जनुक सापडला. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली. त्यासाठी कोणत्याही दुकानासमोर जमाव जमला नाही, कोणत्याही फ्रीजरला सील लागले नाही.

मागच्या हिवाळ्यात मी चरोद्याला गेलो होतो. फ्रीजर त्याच दुकानात आहे. त्यात पनीर, मटार आणि आइस्क्रीम असते. दुकानदाराने चहा पाजला, जुना विषय काढला नाही. रस्त्याच्या पलीकडे रविवारची दोन मटणाची दुकाने लागली होती आणि दोन्हींवर रांग होती. बोकड टांगलेले होते, शेपटीसकट.